माल परत आला, कर्ज नाकारलं, पैसे अडकले: आता कुठून सुरुवात करायची?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको सांगली जिल्ह्यात ज्वारी-बाजरीची शेव, चकली, कडक पुरी असा कोरडा खाऊ बनवतो. वर्षाची विक्री ३६ लाखांच्या आसपास आहे. यंदा पुण्याच्या एका मोठ्या दुकानसाखळीनं 'खवट वास येतो' म्हणून माल परत पाठवला. त्यांच्याकडेच आधीच्या बिलांचे ३ लाख ४० हजार अडकलेत. त्यातच बँकेनं नव्या मशिनरीसाठी मागितलेलं २७ लाखांचं कर्ज नाकारलं. सासरे म्हणतात, आता पोरानं नोकरी बघावी. सगळे सांगतात की अपयशातूनच संधी मिळते. ती मिळवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर:

ताई, या तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून तुम्हाला ते एकच संकट वाटतंय. मी बरीच वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या फायली, भट्ट्या आणि हिशेबाच्या वह्या बघतो आहे. अशा वेळी पहिलं काम म्हणजे हे नकार एकमेकांपासून सुटे करणं. माल परत आला तो बहुधा आपल्याकडच्या दोषामुळे. बँक नाही म्हणाली ती आकड्यांमुळे. पैसे अडकले त्यात चूक समोरच्याची. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. बँकेच्या रागात मालाचा दोष बघायचा राहून जातो, किंवा माल परत आल्याच्या संकोचानं हक्काचे पैसे मागायला तोंड उघडत नाही. हे दुसरं तर मी फार घरांत बघितलं आहे.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्यांना मिळायला हवी होती ती बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबर सायकलच्या दुकानात उतरले. तो अन्याय होता, पण त्याच्याशी झगडत त्यांनी वर्षं घालवली नाहीत. पुढे लोखंडी नांगर काढला तर शेतकरी घेईनात, कारण लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. इथे मात्र ते हटले नाहीत. नांगर चांगला होता, लोकांचा विश्वास बसायला वेळ लागत होता. मग बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचं निवडुंगाचं माळरान देऊ केलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. एकाच माणसाला आलेल्या तीन अडथळ्यांपैकी एक त्यांनी मागे टाकला, एक चिकाटीनं सोसला आणि एक मान्य करून जागा बदलली. कुठे काय करायचं हे त्यांना ओळखता आलं, आणि तुम्हालाही आत्ता तेच ओळखायचं आहे.

सगळ्यात आधी माल बघू, कारण बाकी दोन्हींची चावी तिथे आहे.

परत आलेली खोकी कोपऱ्यात ढकलून दिली असतील तर आजच बाहेर काढा. त्या मालाचे पैसे गेलेच आहेत, निदान त्यातली माहिती तरी पदरात पाडून घ्या. प्रत्येक पाकिटावरचा बॅच नंबर आणि ते कोणत्या दुकानातून आलं, अशी साधी दोन रकान्यांची यादी करा. बॅच नंबर टाकतच नसाल तर निदान पॅकिंगची तारीख घ्या, आणि उद्यापासून नंबर टाकायला लागा. यादीतून निम्मं उत्तर दिसतं. खवट पाकिटं दोन-तीनच बॅचमधली असतील तर त्या दिवसांचं तेल, पीठ किंवा पॅकिंगवर बसलेला माणूस तपासायचा. ती सगळ्या बॅचमध्ये असतील, पण ठरावीक दुकानांतूनच आली असतील तर साठवण तपासायची. सगळीकडूनच आली असतील तर कृती आणि पाकीट दोन्हींवर प्रश्न आहे.

तुमच्या पदार्थात मला तीन संशयित दिसतात. पहिली बाजरी. बाजरीत ज्वारीपेक्षा स्निग्धांश जास्त असतो, आणि दळताना अंकुरातलं लायपेज नावाचं विकर त्या स्निग्धांशाला जाऊन भिडतं. म्हणून बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं. घरी आपण बाजरी लागेल तशी दळतो. कारखान्यात मात्र दळण स्वस्त पडतं म्हणून महिन्याचं पीठ एकदम आणून ठेवलं जातं. तुमच्याकडे तसं होत असेल तर दोष तळणीच्या आधीच शिरलेला आहे. दुसरं तळणीचं तेल. कढईतलं तेल कमी झालं की वरून नवं ओतत राहायचं आणि जुनं काढायचंच नाही, ही सवय सर्वत्र आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानं तळणीच्या तेलातले एकूण ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. हे मोजायचा हातातला मीटर मिळतो, तो घ्या. वासावर आणि रंगावर विसंबू नका. दिवसभर तळणीजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाला तो वास कळेनासा होतो.

तिसरं पाकीट. पारदर्शक पिशवीतली शेव दिसायला छान दिसते, पण उजेड आणि हवा मिळाली की तेल लवकर खराब होतं. सील किती पक्कं आहे हे बघायला यंत्र लागत नाही. पाकीट पाण्यात बुडवून दाबा. बुडबुडे आले तर सील गळतंय. कोणत्याही दिवसाची वीस पाकिटं अशी दाबून बघा.

आता एक महत्त्वाची चाचणी. त्याच बॅचची पाकिटं तुम्ही स्वतःकडे राखून ठेवली आहेत का? ठेवली असतील तर फोडा. तुमच्याकडचं पाकीट चांगलं आणि दुकानातलं खवट असेल तर दोष वाटेतला, साठवणीचा किंवा गळक्या सीलचा. दोन्ही खवट असतील तर तो पीठ-तेलाचा. नमुने ठेवले नसतील तर आजच्या बॅचपासून ठेवा. थोडी पाकिटं अंधाऱ्या कपाटात आणि थोडी दुकानासारखी उजेडात ठेवा, आणि दर पंधरवड्याला एकेक फोडून चव आणि वास वहीत लिहा. सोबत एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून ओलावा, आणि खवटपणा किती शिरला ते सांगणारी मुक्त स्निग्धाम्लं आणि पेरॉक्साइड मूल्य तपासून घ्या. मग पाकिटावर किती महिने छापायचे ते तुम्हाला पुराव्यानं ठरवता येईल. शेजारच्या ब्रँडवर सहा महिने आहेत म्हणून आपणही सहा छापले, असे कारखाने कमी नाहीत. तुमचा माल खात्रीनं तीनच महिने टिकत असेल तर तीनच छापा.

त्याच बॅचचा माल इतर दुकानांत गेला असेल तर त्यांनी तक्रार करायची वाट न बघता तुम्हीच तो उचला. दुकानदार हे विसरत नाही. आणि परत आलेल्या मालावर नवी तारीख मारून तो बाजाराच्या गावी खपवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. तो ऐकू नका. तो गुन्हा आहे, आणि पलीकडे तो खाऊ कुणाच्या तरी मुलाच्या हातात जाणार आहे.

बाहेरून आलेला नकार आपल्याकडे नसलेली तपासणी दाखवून देतो. आपल्याकडच्या द्राक्षवाल्यांनी याची मोठी किंमत मोजली आहे. २०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. हे वाढ रोखणारं संजीवक आहे. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात आणि वेलीची पानफूट आवरून घडांची संख्या चांगली मिळावी म्हणून ते वापरत होते. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. गंमत म्हणजे माल तपासणीशिवाय गेलेला नव्हता. निर्यातीआधीच्या तपासणीच्या यादीत या रसायनाचं नावच नव्हतं. कंटेनर अडकले, भाव कोसळले, बागाईतदार आणि निर्यातदार दोघंही भाजून निघाले. त्यानंतर ते रसायन यादीत आलं, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखालचा उर्वरित अंश तपासणीचा कार्यक्रम आणखी कडक झाला, आणि ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या ऑनलाइन नोंदवहीवर पेटीपासून थेट प्लॉटपर्यंत माग काढायच्या व्यवस्थेचं महत्त्व सगळ्यांना पटलं. आपली द्राक्षं आजही युरोपात जातात ती या शिस्तीच्या जोरावर. तुमच्या कारखान्यात बॅच नंबर, राखीव नमुना आणि तेलाचा मीटर यांचं काम तेच आहे.

एवढं झालं की पुण्याला जा. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर हे काम होत नाही. आधी वेळ घ्या आणि खरेदी बघणाऱ्या माणसालाच भेटा. दुकानातल्या मॅनेजरच्या हातात काही नसतं. पहिलं वाक्य माफीचं किंवा अडचणींचं नको. "साहेब, माल परत आला ते योग्यच झालं. कोणत्या दुकानातून, कोणत्या तारखेची, किती पाकिटं आली ते आम्ही तपासलं. कारण हे सापडलं, बदल हा केला, आणि हा प्रयोगशाळेचा रिपोर्ट." एका पानात बसेल एवढंच. मग मागणी छोटी ठेवा: दोनच दुकानं, एकच पदार्थ, दोन महिने. सगळ्या दुकानांत पुन्हा माल लावा असं म्हणाल तर तो नाही म्हणेल, कारण त्याला त्याच्या वरिष्ठांना उत्तर द्यायचं असतं. दोन दुकानांना हो म्हणायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. निघताना एक प्रश्न विचाराच: "तुमच्याकडे पोचताना मालाचं किती आयुष्य शिल्लक लागतं?" अनेक साखळ्यांची अशी अट असते आणि ती छोट्या पुरवठादाराला कुणी समजावून सांगत नाही.

समजा, तरीही तो नाही म्हणाला. तर मग पुण्याचं गिऱ्हाईक तुमच्या मालाला जुळतं का, हा प्रश्न उघडा.

कोल्हापूरच्या गुळाचं बघा. बाजार समितीत सौद्याला पिवळाधमक गूळ लागतो. काळपट ढेपेला व्यापारी भाव पाडतात. म्हणून गुऱ्हाळावर रंग काढायला हायड्रॉस नावाची गंधकयुक्त पावडर वापरली जाते, आणि मग गंधकाचा अंश किलोला ७० मिलिग्रॅमच्या कायदेशीर मर्यादेत ठेवायची कसरत होते. ज्या गुऱ्हाळवाल्यांनी ही पावडर बंद केली, त्यांच्या गडद गुळाला सौद्यात कमी भाव आला. पण त्यांच्यातल्या काहींना शहरात असं गिऱ्हाईक मिळालं की ज्याला गडद रंग हीच शुद्धतेची खूण वाटते, आणि ते त्यासाठी जास्त मोजतं. माल तोच होता. सौद्यातल्या व्यापाऱ्याला नकोसा असलेला गुण दुसऱ्या कुणाला हवा होता.

तुमच्या खाऊत तसा गुण कोणता? माझ्या मते ताजेपणा. पुण्याच्या साखळीत तुमचं पाकीट आधी गोदामात, मग ट्रकमध्ये, मग रॅकवर, असं गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत आठवडे काढतं. सांगली, मिरज, इस्लामपूर, कोल्हापूर या टापूत तुम्ही दर आठवड्याला माल टाकू शकता. 'याच आठवड्यात तळलेलं' हे वाक्य मोठ्या कंपनीला कधीच छापता येणार नाही, तुम्हाला येईल. बेकऱ्या, वसतिगृहाजवळची दुकानं, एसटी स्टँडवरचे स्टॉल यांतल्या बऱ्याच ठिकाणी रोख किंवा आठवड्याच्या उधारीवर काम चालतं. नफा पाकिटामागे कमी वाटेल, पण साखळीचं मार्जिन, त्यांच्या स्कीम, परत आलेला माल आणि अडकलेल्या पैशांचं व्याज वजा करून दोन्ही बाजू वहीत समोरासमोर मांडा. मी अंदाजानं सांगत नाही, तुम्ही तुमचे आकडे घाला. पुण्याचा माल एकूण विक्रीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त असेल तर उत्तर काहीही आलं तरी तो वाटा कमी करा. एका गिऱ्हाइकाच्या नकारानं कारखाना हलायला नको.

दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारे धक्केही असतात. आपल्या धंद्यात तो पावसाळा. लिज्जत पापडाची गोष्ट लोक सात बायका आणि ८० रुपयांच्या उसनवारीवर थांबवतात. मला त्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात काम सुरू झालं, आणि पहिल्याच पावसाळ्यात चार महिने बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळेनात. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. एवढ्यानं पावसाळ्यातलं काम सुरू राहिलं. पाऊस थांबवता येत नव्हता, पण काम बंद नेमकं कशानं पडतं हे त्यांनी शोधलं आणि परवडेल त्या वस्तूनं तेवढंच सोडवलं. आणखी एक, त्याच बायकांनी पुढे कातडीकाम, काड्यापेट्या, उदबत्त्या असे जोडधंदेही करून बघितले. ते चालले नाहीत आणि त्यांनी ते सोडले. पापडाला चिकटून राहिल्या, काड्यापेटीला नाही. हे दुसरं सहसा कुणी सांगत नाही.

आता बँक. इथे मी थोडं कडक बोलणार आहे.

आधी नकाराचं कारण लेखी घ्या. तोंडी "तुमचं बसत नाही" याला अर्थ नाही. अर्ज नाकारला तर त्याचं मुख्य कारण बँकेनं लेखी कळवायचं असतं, ते रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेत आहे. २५ लाखांपर्यंतच्या सूक्ष्म-लघु उद्योगाच्या अर्जावर १४ कामाच्या दिवसांत निर्णय व्हावा असंही त्यांचं सांगणं आहे. साधं पत्र द्या, पोच घ्या. कर्ज न देणं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असल्यानं रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तो फिरवणार नाही, तेव्हा भांडण लावायला जाऊ नका. कारण हातात आलं की पुढच्या शाखेत जाण्याआधी दुरुस्ती करता येते, एवढाच त्याचा उपयोग आणि तो मोठा आहे.

दोघांचे सिबिल अहवाल, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीच्या नोंदी, काढा. प्रत्येक पत माहिती कंपनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देते. आपल्या भागात मला वारंवार दिसणारं कारण म्हणजे जामीनकी. चुलत भावाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलेला माणूस ते विसरून जातो, आणि भावाचे थकलेले हप्ते याच्या अहवालात बसलेले असतात. दुसरं म्हणजे जुनं कार्ड किंवा दुचाकीचं कर्ज 'सेटल' केलेलं. फिटलं असं आपण समजतो, पण बँक त्याला बुडीत रकमेची तडजोड समजते. उरलेली रक्कम भरून खातं पूर्ण बंद झाल्याचा दाखला घेता येतो. अहवालात चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर रोज १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

हे सगळं स्वच्छ निघालं तरी बँकेनं नाहीच म्हटलं असतं, आणि का ते आकड्यांत बघा. २७ लाख, सात वर्षं, ११ टक्के व्याज धरलं तर हप्ता महिन्याला ४६ हजारांच्या घरात जातो, म्हणजे वर्षाला साडेपाच लाख. तुमच्या विक्रीवर सगळा खर्च जाऊन दहा टक्के उरतात असं धरलं तरी हाताशी ३ लाख ६० हजार. बँकेला साधारणपणे हप्त्याच्या दीडपट रक्कम दिसावी लागते, म्हणजे सव्वाआठ लाख. नव्या यंत्रानं विक्री वाढेल हे खरं, पण ती कुठे खपेल याचा एकही कागद तुमच्या फायलीत नसणार, कारण सगळ्यात मोठं गिऱ्हाईक माल परत पाठवून बसलं आहे. हे कर्ज मिळालं असतं तर खवट माल जास्त वेगानं तयार झाला असता. या वेळी मी बँकेच्या बाजूनं आहे.

मग मागायचं काय? वरच्या तपासणीत सगळ्यात कच्ची जागा सापडेल. ती पॅकिंगची निघाली तर चांगल्या प्रतीचं लॅमिनेट आणि नायट्रोजन भरणारं पॅकिंग यंत्र एवढंच मागा, आणि अर्ज दहा लाखांच्या आत ठेवा. त्या मर्यादेपर्यंत सूक्ष्म-लघु उद्योगाकडून तारण मागू नये हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१० पासून आहे. यंत्रापेक्षा खेळत्या भांडवलाची गरज मोठी असेल तर रिझर्व्ह बँकेनं लघुउद्योगांच्या कर्जासाठी नेमलेल्या नायक समितीचं गणित मांडा. पुढच्या वर्षाची विक्री ४२ लाख धरली तर तिच्या २५ टक्के, म्हणजे साडेदहा लाख ही गरज. त्यातले विक्रीच्या २० टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार बँकेनं द्यायचे आणि २ लाख १० हजार तुम्ही घालायचे. हा हिशेब मॅनेजरला नवा नसतो, पण तो मांडून आलेला अर्जदार त्याला क्वचित भेटतो. ४२ लाखांच्या आकड्याला आधार म्हणून दुकानांच्या लेखी ऑर्डरी जोडा. चार छोट्या दुकानांच्या खऱ्या ऑर्डरी एका जाडजूड प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा जास्त काम करतात.

अनुदानाच्या योजनेसाठी घाई करू नका. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अशी तरतूद आहे. ती सध्या अर्ज घेते आहे का ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारा. पण अनुदान सुरुवातीला हातात येत नाही. तीन वर्षं खातं नीट चाललं तर ते कर्जात वळतं केलं जातं. अनुदान मिळतंय म्हणून यंत्र मोठं घ्यायचं, हा हिशेब मी अनेकांना अंगाशी आलेला बघितला आहे.

अडकलेल्या ३ लाख ४० हजारांबद्दल. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, माल पुरवण्याआधीची असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. नंतरची असेल तर वाद निघू शकतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि करार नसला तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ होत व्याज लागतं. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं कायदा धरतो. म्हणजे जुन्या बिलांचे पैसे आत्ताच्या परत आलेल्या मालाशी जोडून ठेवायचा त्यांना अधिकार नाही. खराब निघालेल्या मालाची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम बिलातून वजा केल्याचा कागद, तुम्ही स्वतःहून द्या, बाकी पूर्ण मागा.

क्रम असा ठेवा: आधी त्यांच्या हिशेब विभागाकडून खातेउतारा मागवून बिलं जुळवा. बऱ्याचदा एखादी डेबिट नोट (त्यांनी लावलेली वजावट) किंवा हरवलेली पोच यामुळे सगळं बिल थांबलेलं असतं. मग लेखी मागणी, तारखांसकट. २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकरात आणलेल्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही, ती प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळते. पत्रात याचा उल्लेख करा, त्यांचा हिशेबनीस तो लगेच ओळखेल. तरीही काही झालं नाही तर याच कायद्याखाली थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. कायद्यात निकालाची मुदत ९० दिवस लिहिली आहे, पण प्रत्यक्षात जास्त धरा. निकाल तुमच्या बाजूनं लागला तर त्याला आव्हान द्यायला खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. तिथे गेल्यावर त्या साखळीशी संबंध पूर्वीसारखे राहणार नाहीत हे गृहीत धरा. म्हणून पुण्याची भेट आधी आणि कौन्सिल नंतर. ज्या घरात साडेतीन लाखांवर सगळा सीझन अवलंबून आहे, त्या घरानं संबंध टिकवण्यासाठी वर्षभर गप्प बसू नये.

सासऱ्यांच्या बोलण्याकडे मी विरोध म्हणून बघत नाही. दोघांपैकी एकानं वर्षभर नोकरी धरली तर घरखर्च धंद्यातून उचलायचा थांबतो, कारखान्याला श्वास मिळतो आणि बँकेलाही घरात ठरावीक पगार दिसतो. उत्पादन कुणाच्या हातात जास्त चांगलं आहे हे तुम्हा दोघांना माहीत आहे. त्यानं कारखाना धरावा, दुसऱ्यानं नोकरी बघावी. सासऱ्यांच्या पुढे हा विषय मांडताना विक्रीची वही समोर ठेवा. वडीलधारी माणसं बहुतेक वेळा धंद्याला घाबरत नाहीत, न दिसणाऱ्या कर्जाला घाबरतात.

आणि एक मर्यादा आजच, डोकं शांत असताना लिहून ठेवा. अजून किती रक्कम घालायची आणि कोणत्या महिन्यापर्यंत. त्या रकमेत घर, शेत आणि मंगळसूत्र मोजायचं नाही, आणि खासगी सावकाराचा रुपयाही नको. नकार पचवून मोठे झालेल्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात. तितक्याच चिकाटीनं धरून ठेवून घर घालवलेल्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, मी त्या घरांत जाऊन आलो आहे. तीन महिन्यांनी राखीव नमुने चांगले निघत असतील, आठवड्याच्या दुकानांची संख्या वाढत असेल आणि परत येणारा माल घटत असेल, तर मर्यादा वाढवायचा विचार करा. नमुने तिसऱ्या महिन्यातही खवट निघत असतील तर बाजरीचा माल थांबवा, फक्त ज्वारीवर या, आणि तोच हिशेब पुन्हा मांडा.

या आठवड्यात तीन कामं करा: खोक्यांची यादी, बँकेला कारण मागणारं पत्र आणि दोघांचे सिबिल अहवाल. पुण्याच्या साहेबांची वेळ प्रयोगशाळेचा रिपोर्ट हातात आल्यावरच मागा.